वरिष्ठ सभागृह रुसलं

आपलाच आवाज बाहेरच्या खोलीतून येतोय हे थोरलीच्या लक्षात आलं, तेव्हा तिच्या हातात साबणाने माखलेलं पातेलं होतं.

"वरिष्ठ सभागृह," तो आवाज खणखणीत सांगत होता, "कायमस्वरूपी असतं. ते कधीच बरखास्त होत नाही. लक्षात ठेवायला सोपं. आपल्या सासूबाई! सरकारं येतात, जातात, पण ह्या जागच्या हलत नाहीत. निवृत्ती हा प्रकारच नाही."

पातेलं हातातून सटकलं आणि मोरीत दणदणत गेलं.

थोरली ही या घरातली मोठी सून. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून, एका मुलीची आई, आणि राज्यसेवेच्या परीक्षेचे तीन प्रयत्न करून बसलेली. येत्या रविवारी चौथा, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचा. त्यानंतर कितीही अभ्यास केला तरी फॉर्मच भरता येणार नव्हता. बसून वाचायला वेळ मिळायचा नाही, म्हणून तिने टिपणं स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली होती. भांडी घासताना ऐकायची, कपडे वाळत घालताना ऐकायची. पण नुसतं ऐकून काही डोक्यात राहीना. मग तिने प्रत्येक मुद्द्याला घरातलं एकेक माणूस चिकटवलं आणि काय सांगावं, सगळा अभ्यासक्रम फिट्ट बसला. तिच्याबरोबर परीक्षा देणारी मैत्रीण तर रोज नवीन रेकॉर्डिंग मागायची.

आजचं रेकॉर्डिंगही मैत्रिणीलाच जायचं होतं. पण अंगठ्याला साबण होता, आणि फोनवर मैत्रिणीच्या बरोबर वर 'घरची मंडळी' हा ग्रुप होता.

थोरलीने पदराला हात पुसले न पुसले आणि फोनवर झडप घातली. घाईघाईत डिलीटवर बोट दाबलं. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी? इथे माणसाने क्षणभर थांबायचं असतं. थोरली थांबली नाही. त्यामुळे ते रेकॉर्डिंग आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर होतं, फक्त तिच्या फोनवर नव्हतं.

बाहेर सासूबाईंनी आवाज आणखी मोठा केला. शेजारी सासरे कान देऊन बसले होते.

"घटनात्मक प्रमुख," थोरलीचा आवाज म्हणाला, "म्हणजे आपले मामंजी. सगळे हुकूम त्यांच्या नावाने निघतात, पण त्यांना विचारत कोणी नाही. हंगामी वारे म्हणजे नणंदबाई. ठरावीक काळाने दिशा बदलून येतात. येताना कोरड्या येतात, जाताना भरभरून नेतात. आणि निष्क्रिय वायू म्हणजे आमचे हे. काहीही करा, कुठल्याही परिस्थितीत प्रतिक्रिया नाही."

थोरली दारात येऊन उभी राहिली. "आई, अहो, ते नुसतं अभ्यासासाठी होतं हो…"

"कळलं," सासूबाई म्हणाल्या. "मी जागची हलत नाही ना? मग बघ. ही बसले."

आणि बसल्या की! आता इथे सगळा घोळ होता. गेले तीन महिने मिनतवाऱ्या करून थोरलीने या आठवड्याची सोय लावली होती. आजपासून तिची रजा. आठ दिवस स्वयंपाकघर सासूबाई बघणार, नातीची शाळा सासरे सांभाळणार, आणि शेवटचे दोन दिवस नणंद मदतीला येणार. एकोणीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगने ही सगळी व्यवस्था एका झटक्यात मोडीत निघाली.

तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, ग्रुपवर काही आलंय ते ऐकू नका."

"बरं."

"आई रुसल्यात. तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी."

"बरं."

"ऐकलंत की काय तुम्ही?"

"हो."

"मग? काही वाटलं?"

"बरं होतं," नवरा म्हणाला आणि फोन ठेवला.

पाठोपाठ नणंदेचा फोन. "वहिनी, मी काही येत नाही हं शनिवारी. वाऱ्याने दिशा बदलली. आणि मागच्या वेळी तो डबा तूच दिला होतास, मी मागितला नव्हता!"

सोमवार गेला, मंगळवार गेला. थोरली एका हाताने भाजी ढवळत होती, दुसऱ्या हातात पुस्तक होतं, आणि दोन्हीकडे करपत होतं. सासूबाई खुर्चीत. सासरे मात्र कुठे दिसेनात. शेवटी ते आतल्या खोलीत सापडले. थोरलीचं राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन चष्म्यातून वाचत होते.

"मामंजी, हे काय?"

"माझे अधिकार बघतोय," सासरे गंभीरपणे म्हणाले. "आयुष्यभर सह्या केल्या, पण अधिकार काय आहेत ते कोणी सांगितलंच नव्हतं. हे बघ, मला आवडलं नाही तर मी एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो."

संध्याकाळी त्यांनी ताटातली भाजी परत पाठवली. "फेरविचारासाठी," ते म्हणाले.

थोरलीने काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "तीच भाजी पुन्हा आली की सही करावी लागते. पुढचं पान वाचा."

सासऱ्यांनी पुढचं पान उघडून पाहिलं. तसंच होतं. ते मुकाट्याने जेवले. सासूबाईंना पुढच्या पानावर काय आहे ते कसं ठाऊक, हा प्रश्न थोरलीला तेव्हा पडायला हवा होता. पण ती इतकी थकली होती की तिला काहीच पडेना.

बुधवारी दुपारी धाकटी जाऊ दारात हजर. धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आता हीही भांडायला आली, म्हणून थोरलीने आधीच हात जोडले.

"चुकले गं बाई. काय म्हणाले असेन तुला, ते मनावर घेऊ नकोस."

"तेच तर!" धाकटीच्या डोळ्यांत पाणी. "तीनदा ऐकलं मी. तीनदा! आई आहेत, बाबा आहेत, ताई आहेत. मी कुठे आहे? नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन. एवढ्या मोठ्या अभ्यासक्रमात माझ्यासारखं काहीच नव्हतं का वहिनी?"

थोरलीला हसावं की रडावं ते कळेना, आणि मग दोन दिवसांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. ती भांड्यांच्या घडवंचीला टेकून हमसून हमसून रडायला लागली. "तुला पाहिजे ती जागा घे गं. माझी तर रविवारी जाणारच आहे. तीन वेळा नापास झाले, आता चौथ्यांदा. पुन्हा संधी नाही. मला काहीच आठवत नाहीये."

बाहेर खुर्ची करकरली. पायांचा आवाज आला. वरिष्ठ सभागृह जागचं हललं होतं.

"रडणं पुरे," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मला सांग, वरिष्ठ सभागृहातून निवृत्त कोणी होतं का?"

"नाही," थोरली हुंदके देत म्हणाली. "ते कायमस्वरूपी…"

"साफ चूक. सभागृह कायम असतं. सभासद निवृत्त होतात. एक तृतीयांश, दर दोन वर्षांनी. यांच्या हातातून पुस्तक घेऊन दोनदा वाचलंय मी. म्हटलं, बघू तरी सून मला काय म्हणाली. आणि बघते तर काय, शिव्या घातल्या त्याही चुकीच्या! पेपरात हेच लिहून आली असतीस ना?"

थोरलीने डोळे पुसले. लिहून आली असती.

"चौतीस वर्षं या ओट्याशी उभी आहे," सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "बरखास्त करा असं मी कधी म्हणाले नाही. पण निवृत्त व्हायचंय का, हे एकदा तरी कोणी विचारायचं होतं. त्या सभागृहात दर दोन वर्षांनी विचारतात म्हणे." मग त्यांनी पदर खोचला. "चल, ऊठ. आतल्या खोलीत जाऊन बस. धाकटे, भाजी निवड. आणि हिला काहीतरी दे गं अभ्यासक्रमात, नाहीतर ही घरी जायची नाही."

धाकटीला भूकंपाच्या प्राथमिक लहरी मिळाल्या. बातमी घेऊन सगळ्यांच्या आधी पोचतात त्या. ती इतकी खूश झाली की तिने तिथूनच नणंदेला फोन करून ते सांगितलं, आणि शनिवारी नणंद रिकाम्या पिशव्या घेऊन आली. पिशव्या दारातच उलट्या करून दाखवल्या. "बघ, कोरडी आलेय. आता प्रश्न विचार."

रविवारी परीक्षेच्या केंद्रापर्यंत नवरा सोडायला आला. वाटेत एक शब्द नाही. फाटकाशी त्याने पाण्याची बाटली पुढे केली. थोरलीने ती घेतली आणि आत गेली.

संध्याकाळी ती परतली तर बाहेरच्या खोलीत सगळं घर जमलेलं. पेपर कसा गेला, असं कोणी विचारलंच नाही.

"मी आले का?" सासूबाईंनी विचारलं.

"आलात, आई. एकविसावा प्रश्न. निवृत्तीचाच."

सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच."

वारेही आले होते, लहरीही आल्या होत्या. धाकटीने टाळ्या वाजवल्या. "आणि मी?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो मामंजी."

"अपेक्षितच होतं," सासरे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

नवरा दाराशी उभा होता. त्याने घसा खाकरला. "मी… मीही नसेनच आलो."

"आलात ना! निष्क्रिय वायू कुठल्याही परिस्थितीत प्रतिक्रिया देत नाहीत, हे विधान चूक की बरोबर, असं विचारलं होतं."

"बरोबर," घरातल्या चौघांनी एकदम उत्तर दिलं. सगळ्यांना रेकॉर्डिंग पाठ होतं.

"मी चूक लिहिलं," थोरली म्हणाली. "येताना पुस्तकात बघितलं, चूकच आहे. खास परिस्थितीत त्यातले काही देतात म्हणे. मी कुठे वाचलं होतं ते!"

"मग लिहिलंस कसं?" नवऱ्याने विचारलं.

"सकाळी फाटकाशी तुम्ही बाटली दिलीत, तेव्हा तुमचा हात थरथरत होता."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला आणि डोळे पुसायला आत गेला.