मैंदर्गी गाडीतली पिशवी

मैंदर्गीची गाडी स्टँडवर लागली आणि दारात नेहमीसारखी मारामारी सुरू झाली. इलियासने शहाणपणा करून खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. पिशवी त्याची नव्हती. "तम्मा, जागा धर की माझी, पाणी भरून येते," म्हणून चंद्रव्वा आजींनी ती त्याच्या हातात दिली होती. इलियासची स्वतःची काळजी वेगळीच. अकराला मैंदर्गीच्या शाळेत मास्तरकीची मुलाखत, आणि ही गाडी चुकली तर पुढची थेट बाराला.

तो आत शिरून पिशवीशेजारी उभा राहिला. मागच्या सीटवर हिंदुराव होते. आठवडाभर टीव्हीवर स्फोटाच्या बातम्या बघून त्यांची नजर फार तयार झाली होती. आधी त्यांनी पिशवी पाहिली, मग इलियासची दाढी.

"कुणाची रं पिशवी?"

"एका आजींची."

"आजी कुटं हाय?"

"पाणी आणायला गेल्यात."

"मग तू बसंना का?"

"जागा त्यांची आहे ना."

इतका सभ्य माणूस या गाडीत आजवर कुणी पाहिला नव्हता. संशय पक्काच झाला.

"नाव काय म्हणालास?"

"इलियास."

हिंदुराव शेजाऱ्याच्या कानात एकच शब्द बोलले. तो शब्द ड्रायव्हरपर्यंत पोचायच्या आत गाडी रिकामी झाली. हिंदुराव तर संकटकालीन खिडकीतून उतरले. खाली दोघांनी इलियासचे दंड धरले. तो घड्याळाकडे बघत राहिला.

हवालदार आले. त्यांनी खिडकीतून डोकावलं. आत सतरा पिशव्या, दोन सुटकेस, एक तेलाचा डबा. माणूस एकही नाही.

"ह्यातली बेवारस कुठली?"



तेवढ्यात चंद्रव्वा आजी बाटली घेऊन आल्या, गर्दीतून वाट काढत गाडीत चढल्या आणि आपल्या पिशवीजवळ ऐसपैस बसल्या.

"पिशवी तुमची का, आजी?"

"व्हय. ह्या पोरानं जागा धरली की. सोडा त्याला."

हवालदारांनी इलियासला वर पाठवलं आणि वही उघडली. "ह्या एका पिशवीला मालक हाय. बाकीचं सामान खाली घ्या, तपासू. सगळ्यात आधी कोण पळालं?"

सगळ्यांनी हिंदुरावांकडे बोट दाखवलं.

"सुटकेस टाकून पळालात? काय हाय आत?"

"कपडे हायत, साहेब."

"कपड्याला भिऊन कोण पळतं?"

सामान उतरलं. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि घंटी दिली.

आजींनी मागे वळून पाहिलं. "एवढी माणसं खालीच का रं?"

"पुढच्या गाडीनं येणारेत, आजी."

"खुळी हायत. हितं एवढी जागा असताना."