कवळी घरी राहिली

कवळी वाटीत होती, वाटी बेसिनवर होती आणि आजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डातल्या खाटेवर होत्या. सगळी गोची इथेच झाली होती.

सकाळी कवळी धुवायला काढली आणि तेवढ्यात बाथरूममध्ये आजींचा पाय सरकला. उजवा हात अंगाखाली आला. आवाज ऐकून मुलगा धावला आणि आईला तशीच उचलून त्याने गाडीत घातली. बिचाऱ्याला स्वतःच्या चपला सुचल्या नाहीत, तिथे कवळी कुठून सुचणार? मुळात आपल्या आईला कवळी आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते गुपित आजींनी सुनेच्या मदतीने वर्षानुवर्षं जपलं होतं, आणि सून नेमकी माहेरी गेली होती. "आमच्या आईचा एक दात पडलेला नाही," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. त्या छातीतली हवा काढणं आजींच्या जिवावर येई.

तेव्हा आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आजी, काय झालं?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आजींनी डोळ्यांनीच दुखऱ्या मनगटाकडे खूण केली.

"या बोलत का नाहीत?"

मुलगा गडबडला. "सकाळी तर बोलत होती. म्हणजे मलाच बोलत होती, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून."

डॉक्टरीणबाई सावध झाल्या. "आजी, हसून दाखवा बरं." आजी हसल्या नाहीत. "जीभ बाहेर काढा." आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "दोन्ही हात वर करा." डावा वर गेला. उजवा मुरगळलेला, तो कसला जातोय!

"वाचा गेलीय, उजवा हात उचलत नाही," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. "अर्धांगवायूचा झटका दिसतोय. मेंदूचा स्कॅन करू, लगेच."

खाटेची चाकं धावू लागली. स्कॅनच्या दाराशी नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला, "दागिने, कवळी, काही आहे का?"

"कवळी?" मुलगा दुखावला. "अहो, माझी आई या वयात अक्रोड फोडते."

अक्रोड खलबत्त्यात फुटत, स्वयंपाकघराचं दार लावून. आजींनी डोळे मिटून घेतले.

स्कॅन साफ आला, खाट वॉर्डात परतली. पण त्याने सुटका झाली नाही. "झटका ताजा असला तर स्कॅनमध्ये दिसत नाही," डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या. "गुठळी विरघळवायचं औषध द्यावं लागेल. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. इथे सही करा."

त्याने कागद हातात घेतला. डोक्यावर टक्कल पडलेला तो बाप्या आईच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडू लागला. "आई, एकदा बोल गं. रागाव हवं तर."

आजींच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी त्याची मान धरून खाली ओढली आणि ओठ कानाला लावले. "कवळी घरी राहिली रे."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

मुलाने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतली विनवणी त्याला कळली. त्याने ते डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगितलं खरं, पण त्याची कुजबुज म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी ती नीट ऐकली. त्यांनी शांतपणे आपल्या तोंडात हात घातला, कवळी काढली, रुमालाला पुसली आणि आजींपुढे धरली.

"माझी घ्या तोवर," बसक्या गालांनी ते म्हणाले. "स्वच्छ आहे. खालची जरा हलते एवढंच."

आजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला. खांदे हलले, पोट हललं, आणि शेवटी त्या तोंड उघडून खदाखदा हसल्या. डॉक्टरीणबाई वाकून पाहू लागल्या. तोंडाची दोन्ही टोकं सारखीच वर गेली होती. त्यांनी मुलाच्या हातातला कागद हळूच काढून घेतला.

मुलगा मात्र त्या उघड्या हिरड्यांकडे बघतच राहिला. आई इतकी मोकळी हसलेली त्याला आठवत नव्हती. डोळे पुसता पुसता तोही हसू लागला.

"हसतोस काय मेल्या," आजी म्हणाल्या, "माझ्या हाताकडे बघायला सांग आता कुणाला तरी."