तात्यांच्या जीपवरचा हिरवा ओरखडा

आमच्या गल्लीत कुणी नवी सायकल आणली, कुणी फाटक रंगवलं किंवा कुणाच्या दारात अनोळखी ट्रॉली उभी राहिली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या तिथे हजर होतात. एका हातात अर्धं ब्लेड, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी बाटली. मालकाला अदबीने विचारतात, "नखाएवढा रंग घिऊ का?" मालक नवा असेल तर घाबरतो. जुना असेल तर म्हणतो, "घ्या की, पण चाकामागचा घ्या." तात्या चाकामागचा चिमूटभर रंग खरवडतात, उन्हाकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि मान हलवतात.

"जवळ हाय. पर तोच न्हाय."

बारामतीत गेली बारा वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे.

तात्या मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. मी ज्या सरकारी ऑफिसात कारकून होतो, तिथे ते ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर योगायोगाने शेजारी आलो. हा माणूस ओसरीवर बसून छोट्या मोटारी बनवतो. पुण्याची नात मोबाइलवरून मागवते, खोक्यातून सुटे भाग येतात, आणि तात्या ते जोडून वीतभर लांबीची गाडी उभी करतात. गाडी एकच. जीप. आतापर्यंत चौदा झाल्या. चौदाही राखाडी, चौदाही कापडी टपाच्या. फडताळात ओळीने उभ्या असतात, तेव्हा कुठल्या तरी स्वप्नातल्या सरकारचा दौरा निघाल्यासारखं वाटतं.

खरी गंमत जोडण्यात नाही, रंगात आहे. तात्यांच्या मते मोठ्या गाडीचा रंग छोट्या गाडीला चालत नाही. "हत्तीचं कातडं मुंगीला घातल्यागत दिसतंय, भाऊसाहेब. दोन थेंब पांढरा घालावाच लागतो." आधी प्रायमर. तो लाल की राखाडी, यावर त्यांचे दोन दिवस जातात. "खाली लाल असला की वरचा रंग दुखावल्यागत दिसतोय." मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर इतक्या हलक्या हाताने फिरवतात, की आजारी वासराला कुरवाळताहेत असं वाटावं. रंग फवारायला त्यांनी दम्याच्या वाफाऱ्याचं जुनं मशीन वापरात आणलं आहे. तात्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, खोकला झाला की दोघांची त्या मशीनवरून ओढाताण होते.

"माझा जीव म्हत्त्वाचा का तुमची जीप?"

"जरा दम धर. दुसरा हात चाललाय."

ऊस गाळपाचा हंगाम सुरू असेपर्यंत तात्या लकर, म्हणजे शेवटचा चमकीचा हात, मारत नाहीत. कारखान्याच्या धुराड्यातली काळी राख वाऱ्यावर तरंगत येते आणि ओल्या टपावर अलगद बसते. एकदा घाई केली, तर पूर्ण टपाला तीळ लावल्यासारखे झाले. दुसऱ्यांदा चुकीच्या रंगावर लकर मारलं, तेव्हा सगळा रंग पापडासारखा फुगून उठला. तात्या त्या जीपशी आठवडाभर बोलले नाहीत. हो, एरवी बोलतात.

बांगड्यांच्या दुकानात नेलपॉलिश घेणारं हे गावातलं एकमेव सत्तरीपुढचं पुरुष गिऱ्हाईक. दुकानदारीण बाई पहिल्यांदा लाजल्या होत्या. आता हिरव्या-निळ्याची नवी बाटली आली की स्वतः निरोप पाठवतात.

कारण हिरवा-निळाच हवा असतो. जीप पूर्ण झाली, लकर वाळलं, आरशासारखी चमक आली, की तात्या एका जाड कुंचल्याला तो रंग लावतात, फडक्यावर पुसून कुंचला जवळजवळ कोरडा करतात आणि जीपच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, एक लांब ओरखडा ओढतात. बघणारा हळहळतो. "अहो तात्या, एवढी देखणी गाडी, आणि शेवटी वाट लावली!" तात्या ओरखड्याकडे बघत राहतात. त्यांना चमक नको असते तिथे. "घासल्याला रंग चमकत न्हाय," म्हणतात, आणि मग तेच. जवळ हाय, पर तोच न्हाय.

तो ओरखडा मी पाडला आहे. वीतभर जीपवर नव्हे, खऱ्या जीपवर.

त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. साहेबांची कागदपत्रं पोचवायला तात्या आणि मी इंदापूरला गेलो होतो. तात्यांचा दोन रात्रींचा दौरा नुकताच संपलेला, अंगात थोडी कणकण. जेवण झाल्यावर ते डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आडवे झाले. ऊन मऊ होतं, उजनीकडून वारा येत होता, झाडं, कावळे, सगळं पेंगत होतं. मला जीप चालवून बघायची फार हौस होती. तात्यांच्या उशाशी पडलेली किल्ली मी उचलली. बंगल्यामागे एक फेरी मारली, वळणावर पंपघराच्या लोखंडी दाराला डावी बाजू घासली, आणि जीप होती तिथे आणून उभी केली. तात्या उठले, उजव्या बाजूने चढले. त्यांना काही दिसलं नाही. मी काही बोललो नाही.

बारामतीत साहेबांना दिसलं. "कुठे घासलीत?" तात्यांना सांगता येईना. साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "तात्यांना वाटेत जरा डुलकी लागली असावी."

एवढंच. एक वाक्य. तात्यांना जीपवरून काढून टपाल वाटायला बसवलं. ऑफिसात त्यांचं नाव 'डुलकी तात्या' पडलं, ते अजून इंदापूरपर्यंत चालतं. त्यांनी पुन्हा कधी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या वाक्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसला.

म्हणून जीपा बनू लागल्या तेव्हा मी फक्त "छान" म्हणत राहिलो. जुन्या गाडीची हुबेहूब नक्कल करायची हौस असेल, अशी स्वतःची समजूत घातली. नववी जीप मात्र त्यांनी माझ्यासमोर धरली. तोच हिरवा. पंपघराच्या दाराचा. "भाऊसाहेब, तुमीबी डाग बघितल्याला. ह्योच का?" मी म्हणालो, "छे, मला तर निळसर आठवतो." ते बिचारे पुढच्या पाच जीपा निळ्याकडे गेले.

या चैत्रात, कारखाने बंद झाल्यावर, पंधराव्या जीपची तयारी सुरू झाली. तात्या थिनर आणायला गेले असताना वहिनी कुंपणापाशी आल्या.

"भाऊसाहेब, तुमी शिकल्यालं. ह्यास्नी समजवा. ह्ये रंग शोधत न्हाइत, सायकल शोधत्यात."

"कसली सायकल?"

"झोपंत कुणाच्यातरी सायकलीला उडवलं, आसं घिऊन बसल्यात. डाव्या अंगाला सायकलवालाच आसतो म्हणत्यात. रंग घावला म्हंजी कुणाची व्हती ते कळंल. रोज देवाम्होरं एक उदबत्ती त्येच्या नावानं लावत्यात."

मी घरात गेलो आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. मग तात्यांच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. किल्ली, दार, डुलकी, नववी जीप, सगळं. तात्या काडीने रंग ढवळत होते. ढवळायचं थांबले नाहीत.

"दार कंच्या रंगाचं?"

"हिरव्या."

"हिरवा कसला? शेवाळी, पोपटी, बाटलीवानी?"

"तात्या, मी तुम्हाला एवढी मोठी गोष्ट सांगतोय…"

"रंग सांगा, भाऊसाहेब."

"साधा हिरवा."

"साधा हिरवा नावाचा रंग जगात न्हाय." त्यांनी काडी फडक्यावर पुसली. "उद्या सकाळच्या गाडीनं इंदापूर."

एसटीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत. दोन बाकं पुढे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चौदा जीपा. कंडक्टरने डोकावून विचारलं, "आजोबा, एवढ्या गाड्या असताना एसटीनं?" तात्या हसले नाहीत. मला तर त्यांच्या पाठीकडेही बघवत नव्हतं. उसाच्या शेतांवरून ऊन सरकत होतं आणि मला वाटत होतं, हा रस्ता असाच चालू राहावा, इंदापूर येऊच नये.

डाकबंगल्याची इमारत नवी झाली होती. पंपघर मागे तसंच, बंद. दार मात्र चॉकलेटी. आता कुणाला खरं वाटेल?

तात्यांनी जमिनीपासून हाताने उंची मोजली आणि तिथे पॉलिश पेपर ओला करून घासायला सुरुवात केली. हलक्या हाताने, गोल गोल. चॉकलेटी गेला, खाली चंदेरी निघाला. चंदेरी गेला, पिवळा. मग रुपयाएवढ्या वर्तुळात, पहाटेच्या आभाळासारखा हळूहळू, हिरवा उजाडला.

त्यांनी एकेक जीप काढून दाराला लावली. नववीपाशी हात थांबला. एक डोळा मिटला. मग दोन्ही उघडे ठेवून बघितलं.

"ह्योच," ते म्हणाले. आणि तिथेच पायरीवर बसले.

मी पुढे होऊन म्हणालो, "तात्या, तुम्हाला डुलकी लागली नव्हती. हे मी लिहून ठेवणार आहे. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला ते नाव दिलं, त्यांनी वाचावं म्हणून. ऑफिसात, बारामतीत, इथेही."

"म्हंजी सायकल न्हवती?"

"नव्हती."

"मानूस न्हवता?"

"नव्हता. दारच होतं."

मग ते मला नव्हे, त्या हिरव्या ठिपक्याला सांगावं तसं बोलू लागले. "मळकट टोपी व्हती त्येला. कॅरेजला गवताचा भारा. घरी दोन पोरी आसाव्यात, आसं वाटायचं. एवढी वर्सं झाली, त्यो आपला पडल्यालाच. उठंचना."

मी त्यांच्यापुढे हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

"तुमच्यावरचा राग हाय, भाऊसाहेब. लई हाय. त्यो मी मागनं काढीन, सावकाश." त्यांनी हात उंचावून मला गप्प केलं. वाऱ्याने पिशवीतला कागद फडफडत होता. "आज न्हाय. आज त्या सायकलवाल्याला आधी घरी पोचू द्या."