कोमट पाण्याची धास्ती

आमच्या शेजारचे मेश्रामकाका लोकांच्या कूलरचा ताप बघतात. बेल वाजवायची, दार उघडलं की सरळ आत शिरायचं आणि कूलरच्या टाकीत थर्मामीटर बुडवायचा. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणीची खोड काही गेली नाही. पारा वर दिसला की जाहीर करणार, "पानी गरम, खेल खतम."

खतम होणारा खेळ डासांचा नाही, आपला. गार पाण्यात डासाची अळी रेंगाळत वाढते, कोमट पाण्यात भराभर मोठी होऊन उडते आणि मादी पुन्हा लवकर अंडी घालते, हे मी आता झोपेतही सांगेन. एकदा भर दुपारी पाणी गार करायला त्यांनी आमच्या कूलरमध्ये बर्फाची लादी सोडली. पंपच बसला. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला, तर काका म्हणाले, पंप नवा मिळतो.

यंदा पाऊस ओसरला, जबलपुरात पुन्हा उकाडा सुरू झाला आणि मागच्या गल्लीत डेंग्यू निघाला. त्यातच माझी मुलगी पिहू तापाने फणफणली. रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. साधा डास दिसला तरी मी टाळी वाजवत त्याच्या मागे धावत होते. सगळ्यांचे कूलर कोरडे होते, तरी डास येतच होते. आणि काका नेमके फिरकले नाहीत.

संध्याकाळी मीच त्यांच्याकडे गेले. काका खिडकीपाशी उभे होते. समोर काचेच्या बाटलीत काकूंचा मनीप्लांट. काकू आता नाहीत. उन्हाने तापलेल्या त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"हे काहून नाही ओतलं, काका?" माझा आवाज चढलाच.

"तिनं भरलेलं पाणी आहे, बेटा. मी फक्त वरून घालत राहिलो." त्यांनी बाटलीवर हात ठेवला. "आपल्या पिहूला माझ्याच घरातून झालं असंल तर?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी रोप कुंडीतल्या मातीत खोचलं आणि बाटली अंगणात उपडी केली. काका पाठ फिरवून उभे राहिले.

रिपोर्ट साफ आला. सांगायला धावत गेले, तर काका उंबऱ्यात बसलेले, कालच्याच कपड्यांत. ऐकून ते उंबऱ्यावरून उठले. मग खाली बघत विचारलं, "पिहूला बघायला येऊ काय मी?"