लॅपटॉपनं मोडलेला नियम

अभिनंदन मगदूमचा नेट-त्यागाचा नियम चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मोडला.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचून झालं असेल तर ते विसरावं. मंदिर समितीनंही विसरायचं ठरवलं आहे. आता सुरुवातीपासून.

दशलक्षण पर्व आलं की जैन घराघरांत नियम घेतले जातात. कुणी उपवास धरतं, कुणी हिरवी भाजी सोडतं. भाग्यश्रीनं दहा दिवस एकच वेळ जेवायचं ठरवलं आणि नवऱ्याला सहज विचारलं, "तुम्ही काय सोडणार?"

"तू सांग. काय सोडू?"

"नेट सोडा. पण न्हाई जमायचं तुम्हाला."

झालं. 'न्हाई जमायचं' हे शब्द शाहूपुरीत कुणाला ऐकवू नयेत. दुसऱ्या दिवशी अभिनंदननं मंदिरात चारचौघांत हात जोडून नियम घेतला. त्याचे सासरे बाहुबली अण्णा चौगुले समितीचे अध्यक्ष. "जावई सोडतोय आन् सासरा मागं ऱ्हाईल व्हय?" म्हणत तेही पुढे झाले. दाराजवळच्या फळ्यावर खडूनं नावं चढली : नेट-त्याग, एक, बाहुबली अण्णा, दोन, अभिनंदन. त्या फळ्यावरचं नाव आजवर कधी पुसलं गेलेलं नव्हतं, आणि अख्खी सासरवाडी रोज सकाळी त्याच फळ्यापाशी चपला काढत होती.

अभिनंदनचा धंदा डिजिटल बोर्डांची, म्हणजे चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सची, डिझाइनं करण्याचा. कोल्हापुरात वाढदिवस थांबत नाहीत, त्यामुळे धंदा बंद ठेवणं शक्य नव्हतं. त्यानं मोबाइल भाग्यश्रीच्या ताब्यात दिला, वाय-फायचा डबा वायरीसकट तिजोरीत कोंडला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "फोटो पेन ड्राइव्हवर आणायचा. माझा लॅपटॉप आता ब्रह्मचारी हाय."

लॅपटॉपचं मत वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी गटारासाठी रस्ता खणताना नेटची वायर तुटली, तेव्हा अभिनंदननं त्याच्या पोटात एक सिमकार्ड बसवलं होतं. त्या वेळी लॅपटॉपनं नम्रपणे विचारलं होतं : वाय-फाय गेलं तर मी आपोआप मोबाइल डेटा जोडू का? इतक्या आदरानं घरात त्याला कुणी काही विचारत नसल्यामुळे अभिनंदननं भारावून टिक केली आणि खात्यातून आपोआप बिल जाणारं ते सिम विसरून गेला. लॅपटॉप विसरला नाही. वाय-फाय तिजोरीत जाताच मालक संकटात आहे हे त्यानं ओळखलं आणि कर्तव्याला लागला.

चौथ्या दिवशी काम कमी होतं. शेवटच्या दिवशी घाई नको म्हणून अभिनंदननं स्वतःचाच बोर्ड करून ठेवला. दहा बाय आठ फूट. मध्ये हात जोडलेला, गॉगल घातलेला तो, आणि वर : 'दहा दिवस नेटशिवाय! त्यागमूर्ती अभिनंदन मगदूम.' नेहमीच्या सवयीनं त्यानं तो 'फायनल' नावाच्या फोल्डरात ठेवला. तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

हा फोल्डर नेटवरून थेट उद्यमनगरात, त्याचे बोर्ड छापून टांगणाऱ्या सम्राटच्या मशीनवर उघडत असे.

संध्याकाळी अभिनंदन आरतीला निघाला, तर मंदिरासमोरच्या खांबांवरून तो स्वतःच गॉगल लावून स्वतःकडे बघत होता. सम्राट शिडीवरून उतरत होता.

"आरं, हे कुणी सांगितलं तुला?"

"फोल्डरात पडलं की छापायचं, छापलं की टांगायचं. इचारलंय कवा मी?"

"उतरव आधी!"

"उतरवायची ऑर्डर फोल्डरात टाका."

आरतीनंतर समिती बसली. फळ्याखाली खडू आणि ओलं फडकं आणून ठेवलं होतं. अण्णा मधोमध.

"पावणं, चारच दिवस झाल्यात. दहा दिवसांचा बोर्ड नेटवरनं आला. आता काय म्हणता?"

"मी न्हाई मोडला. लॅपटॉपनं मोडला. पोटातलं जुनं सिम त्यानं आपलं आपण जोडलं; तीन वर्सांमागं जोडू का म्हणून इचारलं हुतं, तेवढंच."

"लॅपटॉप कुणाचा?"

"माझा. पण नियम मी घेतलाय, त्यानं कुठं घेतलाय? त्याचं नाव फळ्यावर हाय का बघा."

समितीतल्या दोघांनी खरोखर वळून बघितलं.

"पावणं, पाप तीन तऱ्हांनी लागतंय," अण्णांनी बोटं मोजली. "सोता केलं तर. दुसऱ्याकडनं करून घेतलं तर. आन् दुसरा करताना हूं म्हटलं तर, म्हंजे अनुमोदना. यंत्रानं जोडू का म्हणून इचारलं, तवा टिक कुणी केली?"

 तीन वर्षांपूर्वीची टिक अशी धर्मशास्त्रात येऊन बसेल असं अभिनंदनला वाटलं नव्हतं. तरी तो मागे हटला नाही. "पुसा नाव! पण खाली लिहा, माणूस निर्दोष."

अण्णांनी फडकं उचललं. "निर्दोष? आवो, लॅपटॉपावरनं सकाळधरनं व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसत हुतासा! मी या डोळ्यांनी बघितलंय!"

 दिवसभरात एकदाच जेवलेली भाग्यश्री मागच्या सतरंजीवरून शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही कशावर बघितलं?"

अण्णांचं फडकं हवेत थांबलं.

"आगं... फोन नुसता हातात घेतला. नेट आपोआप जोडलं की!"

"टिक कुणी केली?"

अण्णांनी फडकं घडी करून खिशात घातलं. खिशातच फोन होता; तो ओला झाला, याबद्दल कुणीही काही बोललं नाही. मग समितीनं एकमतानं ठरवलं की आज काहीच घडलेलं नाही, दोन्ही नावं फळ्यावर राहतील, आणि सासरे-जावयांनी मूळ दोषीकडे लेखी तक्रार करावी. अर्ज त्याच बैठकीत लिहून टपालानं गेला :

'प्रति, मा. व्यवस्थापक, मोबाइल टॉवर, शाहूपुरी. महोदय, आम्ही दोघांनी नेटचा त्याग केला असताना आपला टॉवर विनाकारण आमच्याशी संपर्क साधत आहे. तरी पर्वाचे उर्वरित सहा दिवस टॉवरने सूर्योदय ते सूर्यास्त मौन पाळावे, ही नम्र विनंती. टॉवरचे नाव फळ्यावर तिसऱ्या क्रमांकावर लिहिण्यास समितीची हरकत नाही. मात्र त्याआधी टॉवरने मंदिरात समक्ष हजर राहून, हात जोडून नियम घ्यावा.'