वारलूचं जाळं आणि पक्का चोर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्टीत आपलं नाव ऐकून गुन्हेगारांना घाम फुटतो, असं गुप्तहेर देवानंद स्वतःच सांगायचा. त्याची बायको गोकुळा ते ऐकत अंगणात मासोळ्या वाळत घालायची. गुन्हेगारांचं तिला ठाऊक नव्हतं, पण कावळे त्याला अजिबात भीत नसत. म्हणून तिने शेजारच्या शकुबाईकडून जाळं मागून आणून मासोळ्यांवर पसरलं होतं.

शकुबाई माहेरी सिरोंच्याला गेली आणि तिचा नवरा वारलू चोरीची तक्रार घेऊन देवानंदच्या कानाशी लागला. काय चोरीला गेलं, असं गोकुळाने विचारलं. तपासातलं बायकोला सांगायचं नसतं, असा नियम देवानंदने तिथल्या तिथे केला.

आधी चोर म्हणून पाणमांजर ठरलं. "पक्कं," देवानंद म्हणाला. मग गोदावरीपलीकडची टोळी ठरली. तेही पक्कं. अंगणातून जाता-येता त्याची चप्पल जाळ्यात अडकायची. तो चिडून ती सोडवायचा आणि पुरावे शोधायला निघायचा. गोकुळाला त्याच्या 'पक्कं'चा वीट आला होता. तिचा बाप जन्मभर मासे धरायचा, पण मासोळी टोपलीत पडल्याशिवाय हा शब्द तोंडातून काढत नसे. इथे हा गडी पाण्यात पाय न घालताच 'पक्कं' वाटत सुटला होता.

शेवटी डोमा पक्का झाला. पुरावा असा, की त्याच्या अंगाला मासोळीचा वास येतो. डोमा मासेमार; अत्तराचा वास आला असता तर संशय घ्यायचा. पण मासेमार सोसायटीची बैठक बसली. चोरी शाबीत झाली तर डोमाला तलावबंदी होणार होती, आणि त्याचं घर त्या तलावावरच चालायचं. गोकुळाला राहवेना. तीही गेली.

घरून जेवून आलेला देवानंद बैठकीत ढेकर देत उभा राहिला. "वारलूभाऊचं जाळं डोमानं नेलं. पक्कं."

काय चोरीला गेलं, ते गोकुळाला आत्ता कळलं.

"अजी, ते जाळं आपल्या आंगनात हाय," ती म्हणाली. "शकुबाईनं मले देलं. तेच्याखालचीच मासोळी तुमी आत्ता खाऊन आले."

वारलू जमिनीकडे बघू लागला. जाळं हरवल्याचं बायकोला फोनवर सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

डोमा उठून देवानंदसमोर आला. "भाऊ, मंग जाळं कोनाच्या घरी हाय?"

"बहुतेक आमच्या."

"बहुतेक नोको."

देवानंदने दातात अडकलेला काटा काढला आणि नीट निरखून पाहिला.

"पक्कं," तो म्हणाला.