खरं हाये न?

गजूचं नवं गाणं तयार झालं, की आमच्या एकोडी गावात चौकशी बसते. गजू रॅपर आहे. रॅप म्हणजे तालावर धडाधड बोललेलं गाणं, हे ज्ञान मला पन्नाशीत झालं. तर, गाण्यात ज्याच्याबद्दल ओळ असेल त्याच्या ओसरीवर गजू जाऊन बसतो, पाणी मागतो, ओळ म्हणून दाखवतो आणि विचारतो, "खरं हाये न?" समोरच्यानं मान डोलावल्याशिवाय ती ओळ जगापुढे जात नाही.

पहिलं गाणं पोलीस भरतीत नापास झाल्याचं. त्यात होतं, 'धावण्यात मी शेवटून दुसरा.' गजूनं गाडी काढली आणि त्या शेवटच्या पोराला गाठायला थेट आसगाव गाठलं. पोरगा म्हणाला, "भाऊ, मी त मधातच बसून गेलो होतो. मी कुठं धावलो?"

गजू परत आला तो ओरडतच, "काकाजी, शेवटला मीच!" चेहऱ्यावर पहिला आल्याचा आनंद.

त्या गाण्यानं कमाल केली. लाखनीला हायवेवर थांबणारे ट्रकवाले ते वाजवू लागले. मग नागपूरच्या कॉलेजांतून बोलावणी. एका कार्यक्रमाला मीही गेलो होतो; चांगली धिप्पाड पोरं खिशात रुमाल शोधत होती. पुढं प्रेमभंगाचं गाणं आलं. त्यात 'तिच्या मायनं चहाही नाही पाजला' अशी ओळ. ती बाई कडाडली, "पाजला होता! साखर सरली होती म्हून बिनसाखरेचा!" आता गाण्यात 'फिका चहा' आहे, आणि टाळ्या नेमक्या तिथंच पडतात.

अडलं फक्त बापाचं गाणं.

गजूचे वडील दौलतभाऊ माझे शेजारी. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून घरात बापलेकांचं बोलणं एवढंच. "जेवला का?" "हो." दौलतभाऊ दिवसभर शेतात. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सदा तुडुंब, पाणी पार माझ्या बांधीत उतरायचं. गाव म्हणे, बुढ्यानं पाण्याच्या मोटरीचा नाद घेतला.

गजू ओळ ऐकवायला गेला, की ते फावडं उचलून चालू लागत. नागपूरची मित्रमंडळी म्हणाली, न विचारताच टाकून दे गाणं, बापाला काय कळतं. गजू म्हणाला, "बाबाले नाही कळन, पण मले त माहीत राहीन न!"

शेवटी तो माझ्याकडे आला. "काकाजी, तुम्ही चाला. तुमच्यासमोर बाबा पळणार नाही."

मी कसला नाही म्हणतोय! असलं नाटक, तेही पहिल्या रांगेतून.

दौलतभाऊ मोटरीपाशीच होते. गजू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिला. हजारो लोकांपुढे न अडखळणारा गडी घसा खाकरत होता.

"माय गेली, सारा गाव रडला. माह्या बापाचा डोळा नाही ओलावला." मग अगदी हळू, "खरं हाये न, बाबा?"

दौलतभाऊ फावड्याची माती बोटानं काढू लागले.

"खोटं हाये."

"मी त कधी नाही पाह्यलं, बाबा."

"तुह्यासमोर कसा रडू रे बाबू? तूच त मोडून गेल्ता." त्यांनी मोटरीकडे बोट केलं. "हे चालू करून देत होतो. पाणी नाही लागे, तरी. आवाजात आवाज जाते."

गजू धुऱ्यावरून खाली चिखलात उतरला आणि बापाच्या हातातलं फावडं घेतलं.

ते गाणं आता आलं आहे. सुरुवातीला शब्दच नाहीत. बराच वेळ नुसती मोटर वाजते, मग गजू येतो.

दौलतभाऊ ऐकतात का? ऐकतात तर! मोबाईल धुऱ्यावर ठेवतात, गाणं लावतात, आणि मोटर चालू करतात.